परगावी अंगात ताप भरला तर

हळद शिजली, वाळली, मोंढ्यात जाऊन विकली आणि चार पैसे हातात आले, की अर्धापूर तालुक्यात फिरायला जायचे बेत सुरू होतात. कुणी तिरुपतीला निघतं, कुणी शिर्डी करून त्र्यंबकेश्वर. पोरांना गोवा हवा असतो, नोकरदारांना काश्मीर नाहीतर दुबई. गाडी कोणती, मुक्काम कुठं, दर्शनाचा पास कुणी काढायचा, सोबत चिवडा किती न्यायचा, सगळं ठरतं. वाटेत कुणी आजारी पडलं तर काय करायचं, एवढंच ठरत नाही. निघताना असं बोलणं अपशकुनी वाटतं म्हणून ते कुणी काढतच नाही.

एरवी हे खपून जातं. साथ सुरू असताना खपत नाही. कोरोनाचा जोर ओसरला असला तरी स्वाइन फ्लू अधूनमधून येतोच, आणि पुढची साथ कोणत्या नावानं येईल याचा नेम नाही. साथीच्या दिवसांत शक्यतो प्रवास टाळावा हे खरंच. पण नातेवाइकाचं लग्न, नवस, आधीच भरलेले पैसे अशा कारणांनी माणसं जातातच. त्यांना घरी बसा म्हणण्यापेक्षा निघण्याआधी आणि आजारी पडल्यावर काय करायचं, हे सांगितलेलं बरं.

परगावी ताप आला की पहिला विचार येतो तो घर गाठायचा. साथीच्या काळात बहुतेक वेळा नेमका तोच निर्णय महागात पडतो. आजारी माणूस दहा-पंधरा तास बंद गाडीत बसतो, सोबतच्यांना आजार देतो आणि तब्येत बिघडायच्या ऐन वेळी कुठल्या तरी घाटात किंवा टोलनाक्यावर असतो. म्हणून या लेखातला बराचसा भाग आहे तिथं नीट थांबायचं कसं, याविषयी आहे.

याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलं. मार्च २०२० मध्ये होला मोहल्ल्यासाठी पंजाबातून आलेले सुमारे ४,००० भाविक २५ मार्चच्या टाळेबंदीमुळं नांदेडला हुजूर साहिब इथं अडकले. महिनाभर यात्री निवासात राहिले, लंगरमध्ये जेवले. नांदेड जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला तो २२ एप्रिलला. त्याच सुमारास परवानगी मिळाली आणि भाविक बसगाड्यांनी पंजाबकडं निघाले. प्रवास दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा, बाहेर उन्हाळा आणि गाडीत दाटीवाटीनं बसलेली माणसं. पंजाबात पोहोचल्यावर तपासण्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत त्यांच्यातले हजाराहून अधिक जण बाधित निघाले. गाड्या चालवणाऱ्यांपैकीही काहींना लागण झाली होती. इकडं मेच्या सुरुवातीला गुरुद्वारातल्या वीसेक सेवादारांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. लागण नांदेडला झाली, वाटेत झाली की पंजाबात, यावरून दोन्हीकडचे पुढारी एकमेकांवर ढकलत राहिले. त्या वादात आपल्याला पडायचं नाही. प्रवासी म्हणून लक्षात घ्यायचं ते एवढंच, की महिनाभर अडकलेल्या माणसाला घरी जायची घाई असणारच. पण निघण्याआधी तपासणी, गाडीत अंतर आणि पोहोचल्यावर वेगळं राहायची जागा या तीन गोष्टी ठरलेल्या नसतील, तर परतीचा प्रवास मुक्कामापेक्षा जास्त धोक्याचा होतो.

दुसरं उदाहरण सहलीचंच आहे. दुबईला गेलेल्या चाळीस जणांच्या गटातलं पुण्याचं एक जोडपं १ मार्च २०२० ला परतलं. ९ मार्चला त्यांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. महाराष्ट्रातले ते पहिले रुग्ण. पाठोपाठ त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि मुंबई विमानतळावरून त्यांना पुण्याला आणणारा टॅक्सीचालक असे तिघं बाधित निघाले. त्याच गटातले काही जण आपल्या नागपूर-तुळजापूर हायवेवरच्या यवतमाळचे होते आणि यवतमाळातले पहिले रुग्णही त्यांच्यातूनच सापडले. पुण्याचं जोडपं नायडू रुग्णालयातून बरं होऊन घरी गेलं ते २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी. सहलीतून आलेला आजार कसा पसरतो, हे या एका गटावरून कळतं. तो आधी घरातल्यांना गाठतो, मग शेजारच्या सीटवरच्याला, आणि ज्याचा विचार कुणीच करत नाही त्या ड्रायव्हरला.

निघण्याआधी घरची सोय

आजारी पडल्यावर माणसं घरी का पळतात, याचं खरं कारण विचारून बघा. भीती हे एक कारण झालं. आपल्याकडं त्याहून मोठं कारण असतं मोटार आणि म्हैस. केळीला ड्रिपचं पाणी चुकवून चालत नाही. थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. मोटार चालू करायला कुणीतरी लागतंच. सकाळ-संध्याकाळ धार काढावी लागते. चार दिवसांसाठी शेजाऱ्याला सांगून आलेला माणूस बाराव्या दिवसापर्यंत लॉजवर पडून राहूच शकत नाही. तो अंगात ताप असतानाच गाडीत बसतो.

म्हणून सहलीची पहिली तयारी शेतावरच करावी लागते. सालगडी असेल तर त्याच्याशी, नसेल तर भावकीतल्या एखाद्याशी आधीच बोलून ठेवा: आम्ही पाच दिवसांनी येणार, पण साथीचे दिवस आहेत, पंधरा दिवस लागले तर तू सांभाळशील ना? त्याचे पैसे ठरवून द्या. पेंड, खत, डिझेल कुठं आहे ते दाखवा. व्हॉल्व्ह कोणत्या क्रमानं फिरवायचे ते सांगा किंवा मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवा. केळीचा घड कापणीला आला असेल तर व्यापाऱ्याशी बोलणार कोण, तेही ठरवा. दुकानदारांनी किल्ली कुणाकडं ठेवायची आणि नोकरदारांनी रजा वाढवायचा अर्ज कुणाला पाठवायचा, हे बघावं. एवढी सोय झाली की परगावी थांबणं निम्मं सोपं होतं.

दुसरी गोष्ट पैशाची. सहलीचं बजेट काढताना थांबण्याचे पैसे वेगळे धरा. निदान आठवडाभर खोलीचं भाडं, जेवण आणि दवाखान्यात भरायला लागणारी पहिली रक्कम. ही रक्कम एकाच माणसाच्या खात्यात ठेवू नका. तोच आजारी पडला, फोन बंद झाला, पिन दुसऱ्या कुणाला माहीत नाही, असं होतं. थोडी रोकड दोघांकडं विभागून ठेवा.

तिसरी गोष्ट बोलण्याची. क्रुझरमध्ये दहा-बारा जण निघणार असतील तर निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा: कुणाला ताप आला तर त्याच्याजवळ कोण थांबेल, बाकीचे काय करतील, गाडीच्या भाड्याचं काय. जवळ थांबणारा शक्यतो तरुण, लस घेतलेला आणि साखर किंवा दम्याचा त्रास नसलेला असावा. आपल्याकडं हे काम आपोआप घरातल्या बाईवर येतं. मग ती साठीची असली, तिला स्वतःला बीपी असला तरी कुणी विचारत नाही. हे आधीच बोललं तर टाळता येतं. आणि निघायच्या दिवशी ज्याला ताप-खोकला आहे तो निघणार नाही, हेही तेव्हाच ठरवा. गोळी घेऊन ताप दाबायचा आणि गाडीत बसायचं, असे प्रकार आपण पाहिलेले आहेत. त्यात फसवणूक सोबतच्यांची होते.

पिशवीत काय असावं? पाच दिवसांची सहल असेल तर बीपी, साखर, थायरॉइड, हृदय यांच्या रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या. गोळीचं नाव परगावच्या मेडिकलवाल्याला सांगता येत नाही आणि ‘ती पांढरी छोटी गोळी’ म्हणून चालत नाही, म्हणून रिकामी पट्टी किंवा डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या, तिचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. डिजिटल थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि त्याचे जादा सेल, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, चांगले एन-९५ मास्क. आधार, आयुष्मान कार्ड आणि विम्याचं कार्ड यांच्या प्रती. एवढं पुरे. अँटिबायोटिकची पट्टी आणि ‘मागच्या वेळी लागू पडलेली’ गोळी घरीच राहू द्या.

पहिला दिवस

ताप आला, घसा धरला, अंग मोडून आलं. हवा बदलली, पाणी बदललं, एसीचा त्रास झाला, अशी समजूत काढून पुढच्या देवळाच्या रांगेत जाऊन उभं राहू नका. साथीच्या दिवसांत ताप हा साथीचाच धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्या माणसानं मास्क लावावा आणि वेगळ्या खोलीत जावं. खोली लगेच मिळत नसेल तर निदान खिडकीजवळची जागा घ्यावी.

मग एका कागदावर तारीख लिहा. लक्षणं सुरू झाली तो पहिला दिवस. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती हीच असते. कोरोनाच्या वेळी दिसलं की बऱ्याच जणांना पहिले तीन-चार दिवस साध्या तापाचे जायचे, आणि ज्यांची तब्येत बिघडायची त्यांची साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. ‘तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून रेल्वेत बसलो’ हा हिशेब त्यामुळंच धोक्याचा. त्याच कागदावर सकाळ, दुपार, रात्रीचा ताप आणि ऑक्सिजन लिहीत जा.

तपासणी करून घ्या, पण फक्त साथीच्या आजाराचीच नको. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडही असतात आणि साथीच्या गडबडीत ते मागं पडतात. म्हणूनच तापासाठी पॅरासिटामॉलवरच थांबा. मोठ्या माणसाला ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसात चारांवर नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. डेंग्यूची शक्यता मोडीत निघेपर्यंत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मात्र हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन रोज सुरू असेल तर ती मनानं बंद न करता डॉक्टरांना विचारा.

स्टेरॉइडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडं फार माणसं यात सापडली. ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांना डेक्सामेथासोनचा फायदा होतो, हे ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं जून २०२० मध्ये दाखवलं. त्याच चाचणीत ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. पण आपल्याकडं साध्या तापातच पहिल्या-दुसऱ्या दिवशी या गोळ्या सुरू झाल्या. साखर चढली, प्रतिकारशक्ती दबली आणि त्यातून काळ्या बुरशीला, म्हणजे म्युकरमायकोसिसला वाट मिळाली. परगावच्या मेडिकलवर ‘कोरोनाचा सेट द्या’ असं मागू नका. पुडीत कोणती गोळी आहे ते विचारा. तीच गोष्ट एचआरसीटीची. त्या दिवसांत ख्यालीखुशालीऐवजी ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न विचारला जायचा. पहिल्या दिवशी छातीचा स्कॅन करून हातात काही पडत नाही. तो कधी करायचा ते डॉक्टरांना ठरवू द्या.

ऑक्सिमीटर बघायची रीत

हे यंत्र घरोघरी आलं, पण बघायचं कसं हे फार थोड्यांना माहीत असतं. आधी पाच मिनिटं शांत बसा, चालून आल्या आल्या लावू नका. बोट गार असेल तर तळहात एकमेकांवर चोळा. नखाला पॉलिश असेल तर पुसा. लग्नाच्या मेंदीचा गडद रंग असेल तर दुसरं बोट बघा किंवा पायाचं बोट वापरा. मधलं किंवा अंगठ्याजवळचं बोट आत टेकेपर्यंत सारा, हात छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा आणि हलवू नका. सुरुवातीचे आकडे नाचतात. मिनिटभरानं जो आकडा ठरतो तो लिहा.

यंत्रावर आकडे दोन असतात. एसपीओटू लिहिलेला ऑक्सिजनचा आणि दुसरा नाडीचा. नाडी ९८ आणि ऑक्सिजन ८९ असताना ‘अठ्ठ्याण्णव आहे, काळजी नाही’ असं म्हणत घरी बसलेली माणसं होती. कोणता आकडा कशाचा हे निघण्याआधीच सगळ्यांना दाखवून ठेवा. सावळ्या कातडीवर यंत्र ऑक्सिजन खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतं, म्हणून ९४-९५ वर समाधान मानण्यापेक्षा आकडा रोज कुठं चाललाय ते बघा. काल ९८, आज ९६, उद्या ९४, हा उतार हेच लक्षण.

बसल्या जागी आकडा चांगला असला तरी एक परीक्षा घ्यावी. लॉजच्या खोलीत किंवा मोकळ्या गच्चीवर सहा मिनिटं सरळ चाला, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं. चालल्यावर ऑक्सिजन ९४ च्या खाली आला, तीन-चार अंकांनी घसरला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. आधीच ९४ च्या खाली असलेल्यांनी, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी ही परीक्षा करू नये. आणि बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, बरळणं, जागं करूनही न उठणं यांतलं काहीही दिसलं तर यंत्र काय म्हणतं ते बघत बसू नका. १०८ लावा.

उंचावरच्या सहलीत हा हिशेब वेगळा होतो. केदारनाथ आणि लेह दोन्ही साडेतीन हजार मीटरच्या आसपास. तिथं धडधाकट माणसाचाही ऑक्सिजन अर्धापुरातल्यापेक्षा बराच कमी दिसतो, तेव्हा ९० बघून घाबरायचं कारण नाही. पण तिथं डोकं ठणकणं, उलटी, बसल्या जागी दम, चालताना तोल जाणं असं काही झालं तर आजार साथीचा की उंचीचा याची चर्चा खाली उतरल्यावर करा. आधी खाली या.

थांबायचं की निघायचं

माझं मत असं. माहूर, औंढा नागनाथ, परळी अशा दोन-चार तासांच्या अंतरावर असाल, गाडी स्वतःची असेल, गाडीत घरचीच माणसं असतील आणि रुग्णाचा ऑक्सिजन ठीक असेल, तर परत या. काचा खाली, एसी बंद, सगळ्यांना मास्क. रुग्ण मागच्या सीटवर खिडकीजवळ. वाटेत हॉटेलात उतरून जेवण नाही. घरी स्वतंत्र खोली आणि वीसेक किलोमीटरवर नांदेड, ही सोय परगावच्या लॉजपेक्षा बरी.

गोवा, तिरुपती, पुणे, मुंबई असं लांब असाल, किंवा परत यायला एसटी, ट्रॅव्हल्स, रेल्वे हाच मार्ग असेल, तर तिथंच थांबा. रात्रीची एसी स्लीपर तर अजिबात नको. पडदे ओढलेले, काचा सीलबंद आणि चाळीस जणांनी रात्रभर तीच हवा घ्यायची. भाड्याच्या क्रुझरनं यायचं तर ड्रायव्हरला आजार सांगून, तो राजी असेल तरच, आणि दोघांनीही मास्क लावून. न सांगता त्याला बारा तास शेजारी बसवणं हा त्याच्या लेकराबाळांशी केलेला दगा आहे. दुसऱ्या जिल्ह्यातून, राज्यातून जायचं असेल तर आधी त्या दिवसांचे नियम विचारा. साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. त्याच कायद्याखाली २०२० मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळे आदेश निघाले. ई-पास, सीमेवरची तपासणी, शाळेतलं विलगीकरण हे सगळं आपण पाहिलंय. सीमेवर रुग्णासह अडकण्यापेक्षा चौकशी आधी केलेली बरी.

थांबायचं ठरलं की लॉजवाल्याला खरं सांगा. ही अवघड गोष्ट आहे. २०२० मध्ये अनेक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. लॉजवालाही ‘खोली खाली करा’ म्हणू शकतो. म्हणून एकदम काउंटरवर जाऊन जाहीर करू नका. आधी १०४ वर किंवा तिथल्या महापालिकेच्या, नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला फोन करा. कुठं राहायचं ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि मग लॉजवाल्याशी बोला. आरोग्य खात्याला कळवलंय हे ऐकल्यावर बहुतेकांचा सूर बदलतो, कारण जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. भाडं आगाऊ द्या. साफसफाईला कुणी आत येणार नाही, आम्हीच करू, असं सांगा. तो तयारच नसेल तर वाद न घालता आरोग्य विभागाकडूनच जागा मागा.

खोली घ्यायची ती उघडणाऱ्या खिडकीची, मग कळकट असली तरी चालेल. गुळगुळीत सेंट्रल एसीची नको. स्टँडचा पंखा मिळाला तर तो खिडकीकडं तोंड करून ठेवा, म्हणजे आतली हवा बाहेर जाते. जेवण दाराबाहेर ठेवायला सांगा. सोबतचा माणूस वेगळ्या खोलीत. जमत नसेल तर दोघांनी मास्क आणि खाटांमध्ये जमेल तेवढं अंतर. पाणी, ताक, ओआरएस, वरण-भात पोटात जात राहिला पाहिजे. साखरेच्या रुग्णानं जेवण कमी झालं म्हणून इन्सुलिन किंवा गोळी मनानं कमी-जास्त करू नये, फोनवर विचारावं. काढा दिवसातून एखादवेळी ठीक आहे, तासातासाला मिरी-सुंठ पिऊन पोटात आग पडते. वाफ घेताना उकळतं भांडं पलंगावर ठेवून पाय भाजून घेतलेले पेशंट साथीत कमी नव्हते.

बाकीच्या मंडळींचं काय? ते आजारी नसले तरी संपर्कातले आहेत. कोरोनात लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस लागायचे, बहुतेकांना पाचेक. त्यांनी ‘आता आलोच आहोत तर’ म्हणत दर्शनाच्या रांगेत जाऊ नये.

डॉक्टर, दवाखाना, विमा

सौम्य आजारात डॉक्टर फोनवरही भेटतात. ई-संजीवनी ही सरकारी सेवा मोफत आहे. पण अर्धापुरातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना केलेला फोन कधीकधी त्याहून उपयोगी, कारण तुमची जुनी दुखणी त्यांना तोंडपाठ असतात. कागदावरचे आकडे त्यांना वाचून दाखवा.

ज्या गावी निघालात तिथलं मोठं सरकारी किंवा संस्थानचं रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधी बघून ठेवा. तिरुपतीत रुईया आणि स्विम्स, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, शिर्डीत साई संस्थानचं रुग्णालय, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय, आपल्याकडं विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय. साथ भरात असताना खाटा मिळत नाहीत. अशा वेळी रुग्णाला गाडीत घेऊन दवाखान्यामागून दवाखाने फिरू नका. १०८ ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा, खाट मिळाल्याचं पक्कं करा आणि मग हला.

आयुष्मान भारतचं कार्ड देशभरातल्या यादीतल्या रुग्णालयांत चालतं, म्हणून परराज्यात जाताना ते विसरू नका. खासगी विमा असेल तर भरती झाल्याचं ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. बहुतेक पॉलिसींत तातडीच्या भरतीला ही मुदत २४ तास असते. तो फोन रुग्णाच्या नव्हे, सोबतच्याच्या कामाचा, म्हणून नंबर त्याच्याकडं हवा. लॉजवर राहून घेतलेल्या उपचाराचे पैसे प्रत्येक पॉलिसी देत नाही. कोरोनात जुलै २०२० मध्ये आलेल्या कोरोना कवचमध्ये घरच्या उपचारांचा समावेश होता, तो साध्या पॉलिसीत असेलच असं नाही. प्रवास विमा काढताना साथीचा आजार त्यात धरलाय का आणि मुक्काम वाढल्याचा खर्च मिळतो का, हे एजंटाच्या तोंडून नव्हे, कागदावर बघा.

परदेशात असाल तर आधी विमा कंपनीच्या मदतक्रमांकाला आणि पाठोपाठ भारतीय दूतावासाला कळवा. जहाजाच्या सहली हा आणखी वेगळा प्रकार. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाजवळ थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसं होती, त्यांतल्या सातशेवर जणांना लागण झाली. प्रवासी खोल्यांत बंद असताना जहाजावरचे कर्मचारी काम करत होते, जेवण पोहोचवत होते, एकत्र राहत होते. भारतीयांची सुटका २७ फेब्रुवारीला झाली आणि मायदेशी आल्यावरही त्यांना आधी मानेसरला विलगीकरणात राहावं लागलं. साथ सुरू असताना जहाजाची सहल काढूच नये, एवढंच मी म्हणेन.

परतताना

विलगीकरण किती दिवसांचं हे त्या आजारावर आणि त्या वेळच्या सरकारी सूचनेवर ठरतं. कोरोनातच ते आधी सतरा दिवस होतं, मग दहा, आणि जानेवारी २०२२ पासून सौम्य रुग्णांसाठी तपासणीपासून सात दिवस आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नको. मोजताना गोळी न घेता ताप नसलेला दिवस धरा.

बरं वाटायला लागलं की थांबलेल्या दिवसांतच फोन करायला बसा. लक्षणं सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून ज्यांच्याजवळ बसलात त्यांना कळवा. यादीत ड्रायव्हर सगळ्यात वर. मग शेजारच्या खोलीतलं कुटुंब, गाइड, घोडेवाला, गाडीतले बाकीचे. गावात कळेल म्हणून लाज धरू नका, गावाला कळतंच. आपण सांगितलं तर निदान खरं कळतं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना प्रसाद दारातूनच द्या. चार-सहा दिवस अंगणातल्या गप्पा, पारावरची बैठक, लग्नाच्या पंगती बाजूला ठेवा. अशक्तपणा असताना हळदीचं पोतं उचलायला किंवा केळीचे घड वाहायला लगेच जाऊ नका. धाप लागली की काम थांबवायचं. दोन-तीन आठवड्यांत रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. उपचारात स्टेरॉइड दिलं असेल तर त्याआधीच. नाक चोंदणं, एका बाजूचा चेहरा किंवा दात दुखणं, डोळ्याला सूज किंवा दोन दोन दिसणं यांतलं काही झालं तर सर्दी समजून थांबू नका, त्याच दिवशी नांदेडला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, तपासण्यांचे अहवाल आणि मेडिकलच्या पावत्या एका पिशवीत घाला. विम्याचा दावा करायला मूळ कागद लागतात आणि ते पाठवायचीही मुदत असते.